मला कळले!

अलीकडच्या मराठी कथांत ‘रिअलाइझ’ हा शब्द मला पानोपानी भेटतो. इंग्रजी शब्दांचे मला वावडे नाही. तक्रार निराळीच आहे. इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. भर पावसाळ्यात मी त्या वाटेने गेलो. आधी काहीतरी घुमते आहे असे जाणवले. मग तो पाण्याचाच आवाज, हे ध्यानात आले. आणि काठाशी उभा राहिलो तेव्हा नदीचे बळ उमगले. आमचा कथाकार या तिन्ही ठिकाणी ‘रिअलाइझ’ लिहून मोकळा होतो, आणि पात्राच्या मनातल्या पायऱ्याच पुसल्या जातात.

गंमत पाहा, वाचकहो! इंग्रजीत हे माणूस ‘करतो’, मराठीत ते त्याला ‘होते’. मला कळले. इस्लापूरच्या शेजारची तेलुगूही ‘नाकु तेलिसिंदि’ असेच म्हणते. म्हणून तर तो इंग्रज पाहुणाही ‘मला रिअलाइझ झाले’ असा वाकूनच घरात आला. अर्थात ‘ताडणे’, ‘ओळखणे’ आपल्याकडेही आहे. तेथे कर्ता माणूसच. मुलाची चोरी बापाला कळली, की बापाने ती ताडली? दोन्ही बाप वेगळे. ‘बाबांना रिअलाइझ झाले’ यातला बाप कोणता, ते मला कथा संपली तरी कळत नाही.