काठावरची माणसं

पंचवटीत सीतागुंफेत उतरायचं तर अंग चोरून, जवळजवळ बसत बसत जावं लागतं. आत काय आहे हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी खाली उतरताना आवाज आपोआप हलका होतो. मघापर्यंत चप्पल कुठे ठेवायची यावरून वाद घालणारी माणसं आत गेल्यावर एकमेकांना हात देतात. ‘कालिया मर्दन’ची सुरुवात पाहताना दर वेळी मला ही रांग आठवते.

1919 सालचा हा मूकपट. सुरुवातीला पडद्यावर नुसता एका मुलीचा चेहरा येतो. वय वर्षं सात. पाटी सांगते की हा चेहऱ्यावरच्या भावांचा अभ्यास आहे. मग ती हसते, रुसते, चिडते, रडवेली होते. एकेक भाव येतो, थोडा वेळ थांबतो आणि निघून जातो. ही मंदाकिनी फाळके, दिग्दर्शकाची लेक. मग त्याच चेहऱ्यावर दुसरा चेहरा उमलतो, डोक्यावर मुकुट येतो, आणि समोर बाळकृष्ण उभा असतो.

देव दाखवायचा तर एखाद्याने त्या मुलीला लपवलं असतं. दादासाहेब फाळक्यांनी तिला आधी पुढे आणलं. ही माझी पोर, ती हे सोंग घेणार आहे, नीट पाहून घ्या, असं जणू सांगितलं. आणि ते सांगूनही हात जोडले जातील, याची त्यांना खात्री होती. ही खात्री मला त्यांच्या कोणत्याही ट्रिकपेक्षा मोठी वाटते. ती सोंगाच्या, कीर्तनाच्या, पंचवटीच्या मुलखातली खात्री आहे. इथे मूर्तीला सकाळी न्हाऊ घालणारे हात आणि संध्याकाळी तिच्यापुढे जुळणारे हात एकच असतात.

धुंडिराज गोविंद फाळके 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकला जन्मले. घर शास्त्र्याचं, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याच्या कलाभवनातलं. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या येऊ लागलं. पुढे 1917 च्या नोव्हेंबरापासून ‘नवयुग’मध्ये त्यांनी जी लेखमाला लिहिली, तिच्यात त्यांनी हे सांगितलं आहे. 1912 साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला हललं. ही हकीकत सर्वांच्या तोंडची आहे, म्हणून तिथे रेंगाळत नाही. एक गोष्ट मात्र सांगतोच. हाताने फिल्मला भोकं पाडण्याचं आणि ती धुण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत होत्या. घर आणि स्टुडिओ असे दोन भाग तिथे नव्हतेच. पुढे मंदाकिनी कॅमेऱ्यापुढे इतकी निर्धास्त उभी राहिली, त्याचं मूळ मला या घरात दिसतं.

पुन्हा ‘कालिया मर्दन’कडे. पूर्वार्ध सगळा खोड्यांचा. एक बाई कृष्णाच्या सवंगड्यावर पाणी ओतते, त्याचं उट्टं तिच्या घरचं लोणी पळवून काढलं जातं. मग रात्री एका नवरा-बायकोच्या शेजघरात शिरून कृष्ण नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधतो. मंदाकिनी इथे दैवी काहीच करत नाही. ती दार लोटते, कानोसा घेते, ओठ दाबून हसू आवरते. कॅमेरा फारसा हलत नाही, पण त्या घट्ट चौकटीत ही पोर जी चपळाई करते तिने चौकट मोठी होते.

मग डोहाकाठचं झाड आणि उडी. पुढच्या काही मिनिटांत चित्रपटाचा सगळा जीव आहे. पाण्याखाली कृष्ण आणि कालिया यांची झुंज चालली आहे. ही झुंज आज पाहताना नागाचं कापड आणि सांगाडा ओळखू येतो, आणि त्याने माझा रस जरासुद्धा कमी होत नाही. कारण फाळके तिथे थांबतच नाहीत. ते पुन्हा पुन्हा काठावर येतात. गोकुळातली माणसं जमली आहेत, यशोदा कासावीस झाली आहे, सगळ्यांचे डोळे पाण्याकडे. खाली झुंज, वर वाट पाहणं. पुन्हा खाली, पुन्हा वर. आपल्याला आत काय चाललंय ते दिसतं, त्यांना दिसत नाही. तरी गंमत अशी की घालमेल होते ती काठावरच्या चेहऱ्यांमुळे. शेवटी नागाच्या फण्यावर कृष्ण वर येतो तेव्हा मी त्याच्याकडे नाही, त्या लोकांकडे पाहत असतो. पडद्यावरची नदी यमुना आहे, पण माझ्या डोळ्यांना ती गोदाच वाटते. रामकुंडावर पोराचा हात सुटलेली आई गर्दीत अशीच बघत असते.

चमत्कार दाखवताना तो बघणारी माणसं दाखवणं, हेच मला फाळक्यांचं खरं वैशिष्ट्य वाटतं. ‘लंकादहन’ 1917 चा. त्याचे जेमतेम 500 फूट उरले आहेत. त्यात अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. उपाहारगृहात आचाऱ्याचं काम करणारा हा माणूस, पुरुषी दंड न लपवता सीता झाला आणि लोकांनी त्याला सीता मानलं. ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाचं शिर धडावेगळं होऊन उडतं. पण ते कंसाला स्वतःला दिसलेलं भयाचं दृश्य आहे, म्हणजे तिथेही चमत्कार कुणाच्या तरी डोळ्यांतून येतो.

इथे पंचवटीतल्या माणसाला दुसरीही एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. ‘लंकादहन’ त्याच्या तेरा वर्षं आधीचा. गाभाऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसांना दिसणारा राम कोणता होता, हा प्रश्न काठावरचे ते चेहरे पाहताना माझा पिच्छा सोडत नाही. पडद्याला उंबरा नव्हता.

बोलपट आला आणि फाळक्यांचा काळ झपाट्याने मागे पडला. ‘आलम आरा’ मार्च 1931 चा आणि फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून आला 1932 साली. पुढे त्यावर आवाज चढवला गेला. 1937 साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. मूकपटातल्या काठावरच्या माणसांना बोलावं लागत नव्हतं, नुसतं थांबता येत होतं. आवाजाने त्यांच्याकडून हे थांबणं काढून घेतलं, असं मला वाटतं, आणि त्याची हळहळ आहे. सुमारे 95 चित्रपट करून हा माणूस 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकमध्येच गेला.

टेलिव्हिजन त्यांनी पाहिलं नाही. पण 1917 साली, म्हणजे ‘लंकादहन’च्याच वर्षी, रामानंद सागर जन्मले. आणि 1932 साली, ‘सेतुबंधन’च्या वर्षी, ते एका मूकपटात क्लॅप देणारा पोरगा म्हणून सिनेमात शिरले. 25 जानेवारी 1987 रोजी त्यांचं ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झालं. रविवारी सकाळी आमच्या पंचवटीतले रस्ते ओस पडत. ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या ओट्यापर्यंत माणसं बसत, कुणी संचाला हार घाली, उदबत्ती लावी. आणि त्या मालिकेतही राम जेवढा वेळ दिसे, तेवढाच वेळ रामाकडे बघणारे चेहरे दिसत. फाळक्यांच्या पडद्यापासून टेलिव्हिजनपर्यंतचा हा धागा एका कलावंत घराण्यातही दिसतो. त्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये 1913 साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. कमलाबाईंचे नातू विक्रम गोखले आपण घरबसल्या टेलिव्हिजनवर पाहिले.

आता ‘कालिया मर्दन’ मी घरातल्या टेलिव्हिजनवरच पाहतो. आवाज नाही, म्हणून खिडकीतून देवळाची घंटा ऐकू येते. शेजारची पाच वर्षांची मुलगी परवा येऊन बसली. मंदाकिनीचा चेहरा रडवेला झाला तशी ही जवळ सरकली. मुकुट आला तेव्हा तिने विचारलं, “ही मघाचीच ताई ना?” मी हो म्हणालो. नंतर डोहाचं दृश्य आलं. खाली नाग होता, वर माणसं उभी होती, आणि ती माझा हात धरून, एक शब्द न बोलता, पाण्याकडे बघत राहिली.