आंगियारीच्या रणचित्राचीं पूर्वरेखाटनें

इ. स. १४४० च्या जून महिन्याच्या २९ तारखेस फ्लोरेन्स व मिलान यांच्या सैन्यांची आंगियारी येथें लढाई झाली. तींत एकच मनुष्य, तोहि घोड्यावरून पडून, मेला असें मॅकिआव्हेली आपल्या इतिहासांत लिहितो. भाडोत्री सैन्याची कुचेष्टा करण्याचा त्याचा हेतु उघड असल्यामुळें हा आंकडा जसाच्या तसा ग्राह्य नव्हे. या लढाईचें भित्तिचित्र फ्लोरेन्सच्या सभागृहांत काढण्याचें काम १५०३ सालीं लिओनार्दो द विंची याजकडे आलें. चित्र अपुरें राहून पुढें लुप्त झालें. पूर्वरेखाटनें मात्र उरलीं. तीं आम्हीं मुद्रित प्रतिकृतींवरूनच पाहिलीं आहेत, हें आरंभींच सांगणें उचित.

लिओनार्दोच्या टिपणांत या लढाईची हकीकत दुसऱ्याच्या अक्षरांत नोंदलेली आहे. तींत पुलावरील झटापट आहे, मेघांत प्रकटलेला संत पीटरहि आहे. चित्रकारानें यांतलें घेतलें किती? व्हेनिस येथील लहानशा कागदांवर लेखणीनें काढलेल्या स्वारांचा व पायदळाचा नुसता गुंता आहे. कोणता हात कोणाचा हें कळत नाहीं. कळावें अशी त्याची इच्छाहि दिसत नाहीं. देहांची गति तेवढी तो शोधीत आहे.

बुडापेस्टचीं खडूचीं मस्तकें याहून निराळीं. एका प्रौढ योद्ध्याच्या भुंवया आंवळलेल्या, मुख ओरडण्यासाठीं उघडलेलें, शिरस्त्राण नाहीं. भरतानें रौद्राचे जे अनुभाव सांगितले, त्यांतील भ्रुकुटि येथें प्रत्यक्ष दिसते. पण ओठ चावण्याऐवजीं आक्रोश आहे, आणि त्यामुळें क्रोधांत किंचित् भयाची छटा मिसळली आहे, असें आमचें मत. विंडसरच्या कागदावर तर घोडा, सिंह व मनुष्य यांचीं क्रुद्ध मुखें शेजारीं शेजारीं आहेत. तेथें मनुष्याचें मुख सर्वांत दुबळें वाटतें! घोड्याचे विचकलेले दांत पाहिल्यावर त्याजकडे दृष्टि फिरून जात नाहीं.

एवंच, १४४० च्या रणांगणाचा पुरावा म्हणून हीं रेखाटनें लावणें चूक होय; १५०३ नंतरच्या एका मनुष्याच्या विचाराचा तीं पुरावा आहेत. रूबेन्सच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या चित्रावरून तत्कालीन शस्त्रें व शिरस्त्राणें ठरविणारांनीं तर अधिकच सावध असावें. रूबेन्सचा जन्म १५७७ चा; त्यापूर्वींच त्या सभागृहाच्या भिंतींवर वासारीचीं चित्रें चढलीं होतीं. म्हणजे त्याच्यासमोर होती ती प्रतिकृतीच.