खेळाची बातमी कोणाच्या बाजूची?

चिमूर तालुक्यात धान निघालं, की गावोगावी रात्रकालीन कबड्डी स्पर्धा आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात. मग बातमी येते. तीत उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी यांची नावं ओळीनं असतात आणि विजेता संघ शेवटच्या वाक्यात येतो. गुण किती झाले, सामना कोणत्या चढाईनं फिरला, पकड कोणी केली, हे बहुधा सापडत नाही. आपल्या भागातल्या क्रीडा पत्रकारितेचा मोठा पक्षपात हा आहे. ज्याला बातमीसोबत जाहिरातही आणायची असते, तो वार्ताहर आयोजकाला दुखवणार कसा? पत्रकाराच्या चाहतेपणाला दोष देण्याआधी या मिंधेपणाकडे पाहायला हवं.

चाहतेपणानं मराठी क्रीडालेखनाचं भलंही केलं आहे. शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी यांनी क्रिकेटवरचं प्रेम कधी लपवलं नाही. वाचकालाही ते ठाऊक होतं. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं, कबड्डी-खोखोला मान दिला आणि क्रीडा संघटनांच्या कारभारावर परखड लिहिलं. त्या परखडपणाच्या मुळाशीही खेळावरची माया होती. आज कौतुक उदंड आहे, पण त्याला आधार देणारा तपशील आटला आहे.

विदर्भाच्या क्रिकेटवर लिहिताना प्रेम आणि तपशील यांची कसोटी लागते. जानेवारी २०१८मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. विदर्भाचा वेगवान गोलंदाज गुरबाणी याच्या हॅट्‌ट्रिकनं आपण सारेच हरखलो. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी वसीम जाफर मुंबईचे होते, हे लिहिल्यानं त्या यशाची झळाळी कमी होत नाही. २०२५ची अंतिम लढत अनिर्णीत राहिली आणि केरळवरच्या पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीनं करंडक विदर्भाला मिळाला. तिथे ‘केरळला धूळ चारली’ असं लिहिणं खोटं ठरेल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरासाठी या संघाची वाट किती खुली आहे, हा प्रश्न तर विदर्भाच्या चाहत्यानंच आधी विचारायला हवा.

शंकरपटाचंही तेच. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा इथे आनंद झाला. तो रास्तच होता. पण त्या परवानगीसोबत बैलांना इजा न करण्याच्या अटी आहेत. पटावर त्या पाळल्या जातात का, हे पाहून लिहिणाऱ्याला पटाचा वैरी समजण्याचं कारण नाही. अटी मोडल्या तर पटच पुन्हा अडचणीत येईल.

पत्रकारानं आपलं प्रेम मैदानाबाहेर ठेवून यावं, अशी अपेक्षा मी करत नाही. प्रेम असेल तरच तो थंडीत शेवटच्या सामन्यापर्यंत थांबेल. पण थांबल्यावर त्यानं चढाईपटूचं नाव विचारावं, गुण टिपून घ्यावेत, पंचाचा निर्णय चुकला तर तसं लिहावं, हरलेल्या संघाचा चांगला खेळ सांगावा. पाहुण्यांची यादी त्यानंतर, जागा उरली तर.