नमुन्याचा नाच आणि नवे स्वांग

आदिवासी कलावंताला मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेलाच नाही. त्याला बोलवावे, पोशाखासकट मंचावर उभे करावे, टाळ्या वाजवाव्यात आणि जीपमध्ये बसवून परत पाठवावे, यालाच आपण मदत समजत आलो. अमरावती-अकोल्याकडे हे काम सव्वीस जानेवारीला, महाराष्ट्रदिनी आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात होते. हे जतन आहे, निर्मिती नव्हे. माझा आक्षेप असा की, जतनाच्या नावाखाली आदिवासी कलावंताचा नवे रचण्याचा हक्क नाकारला जातो आणि या नाकारण्यात आपणही सामील आहोत.

'आपण' म्हणताना मी स्वतःपासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी युवा महोत्सवासाठी आमच्या कॉलेजचा संच निवडण्याचे काम माझ्याकडे होते. मेळघाटातून उठवून अकोट तालुक्यात वसवलेल्या एका गावातला कोरकू विद्यार्थी आपल्या मित्रांना घेऊन आला. सुरुवात गदली सुसूनची. सुसून म्हणजे नाच. मध्येच ढोलक थांबे, एकजण साहेब होऊन यादी वाचू लागे. नाव पुकारले की तो माणूस रांगेतून निघे आणि घर पाठीवर घेतल्यासारखा वाकून चालू लागे. रांग त्याची जागा मोकळी ठेवूनच नाचत राही. शेवटी रांगेत माणसांपेक्षा मोकळ्या जागाच जास्त उरल्या.

मी म्हणालो, "चांगलं आहे रे, पण हे आदिवासी नृत्यात बसत नाही. तुमचं पारंपरिक करा."

तो "बरं सर" म्हणाला. त्यांनी पारंपरिक केले, आम्हाला बक्षीस मिळाले. पुढच्या वर्षी तो निवडीला आला नाही.

माझ्या घरात पदवी पहिल्यांदा माझ्याच रूपाने आली, तीही बाबासाहेबांच्या चळवळीमुळे. प्रस्थापित समीक्षेने दलित लेखकाला जे ऐकवले तेच मी त्या मुलाला ऐकवले: अनुभव तुझा चालेल, माप आमचे राहील.

परंपरा बिघडेल अशी भीती दाखवणाऱ्यांनी आपल्याच जलशाकडे पाहावे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली गवळण टाकली, गणाचा अर्थ बदलला आणि सवाल-जवाबातून अस्पृश्यतेचा प्रश्न उभा केला. त्या वेळी कोणी त्यांना 'तुमचे पारंपरिक करा' म्हटले असते, तर त्यांना पुन्हा पाटलाच्या वाड्यापुढे नाचावे लागले असते. जलशाला सरकारी अनुदान नव्हते. पण त्यामागे वस्ती होती, भाकर होती आणि चळवळ होती. म्हणजे पाठबळ होतेच, आणि ते नव्या निर्मितीला होते.

कोरकूंना नाट्य शिकवावे लागत नाही. त्यांच्याकडे खंब स्वांग आहे. गावात खांब रोवायचा, मेघनाथाचे स्मरण करायचे आणि रात्री त्या खांबाभोवती सोंगे आणायची. अशा सोंगात फॉरेस्टचा साहेब येऊ शकतो, १९७४ साली झालेला व्याघ्रप्रकल्प येऊ शकतो, १९९३ साली बालमृत्यूंमुळे गाजलेला मेळघाटही येऊ शकतो. पण हे घडायला महिना-दोन महिने तालीम हवी, आणि त्या काळात मजुरी बुडते. नाचाच्या एका प्रयोगाचे मानधन मिळते. विचार करण्याच्या दिवसांची मजुरी कोणी देत नाही. खरी अडचण इथे आहे.

दुसरी अडचण भाषेची. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेत संस्कृत नाटकांचा स्वतंत्र विभाग आहे. कोरकू वा गोंडी नाटकांचा नाही. ज्या भाषेत आज कोणी भाकर मागत नाही तिला मंच मिळतो. आणि ज्या भाषेत धारणीच्या बाजारात रोज भाव ठरतो तिच्या वाट्याला 'नमुन्याचा नाच' येतो. शिवाय स्पर्धेला लिहिलेली संहिता लागते. स्वांग तालमीत वाढते, ते आधी कागदावर कुठून आणायचे?

याला कोणी स्वप्नरंजन म्हणेल. अहमदाबादच्या छारानगरात १९९८ साली महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्या प्रयत्नाने एक ग्रंथालय सुरू झाले. गुन्हेगार म्हणून डागल्या गेलेल्या छारा जमातीच्या तरुणांनी तिथून 'बुधन' हे नाटक उभे केले. कोठडीत मेलेल्या बंगालच्या बुधन सबरचे ते नाटक. पाठीराख्यांनी जागा दिली, पुस्तके दिली; मंचावर बोलले ते छारा. कॅनडातल्या टोरोंटो शहरात १९८२ पासून 'नेटिव्ह अर्थ' ही मूळनिवासींची नाट्यसंस्था आहे. ती अपुऱ्या नाटकांचाही महोत्सव भरवते. अर्धे लिहिलेले, चुकलेले, अडलेले नाटक तिथे लोकांपुढे येते आणि दुरुस्त होते. चुकण्याची ही सवलत आपण कोरकू कलावंताला कधी दिली?

मात्र यात एक धोका आहे आणि तो आपल्याच बाजूचा आहे. कुपोषणावर पथनाट्य होते तेव्हा लेखक शहरातला, दिग्दर्शक शहरातला, आणि कोरकू बाई फक्त रडणाऱ्या आईच्या भूमिकेत. वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेतून हाच प्रश्न चळवळीतल्या माणसांना विचारला आहे. तो दलित रंगभूमीलाही लागू आहे. आपल्या नाटकातला आदिवासी बहुधा घोळक्यात असतो. त्याला नाव नसते.

म्हणून वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांपुढे, प्राध्यापकांपुढे मी काही साध्या गोष्टी ठेवतो. आपली विहारे आणि कॉलेजची सभागृहे सुट्टीत कोरकू संचांना तालमीसाठी द्यावीत. तालमीच्या दिवसांची मजुरी वर्गणीतून द्यावी. पहिला प्रयोग त्यांच्या गावात व्हावा, कोरकूतच व्हावा. पहिला निवाडा त्या गावाचा. रचना कोणाची हे कागदावर त्यांच्या नावाने लिहावे. आणि आपण चटईवर बसून न कळणारी भाषा ऐकायची सवय करावी.

त्या मुलाचा तुकडा मी एकदाच पाहिला. तो कुठेही लिहिलेला नाही, कोणाकडे त्याचे छायाचित्र नाही. मी नाकारले ते एक नवे नाटक होते, हे कळायला मला काही वर्षे लागली. पुढचा मुलगा दारात येईल तेव्हा निवडीच्या खुर्चीत बसलेल्याने एवढेच विचारावे: "तालमीला किती दिवस पाहिजेत?"