किल्ली कोणाकडे?

जमाखर्च हा एक वाङ्मयप्रकार आहे, असे आम्हां बँकवाल्यांचे प्रामाणिक मत आहे. समीक्षक मंडळी त्याला हात लावत नाहीत, म्हणून भिवंडीच्या एका कारकुनाला ते काम करावे लागतेय.

'डिअर डेटा' हे पुस्तक २०१६ साली निघाले. न्यूयॉर्कची जॉर्जिया लुपी आणि लंडनची स्टेफनी पोसाव्हेक यांनी बावन्न आठवडे एकमेकींना पोस्टकार्डे धाडली. दर आठवड्याला स्वतःची एकच गोष्ट मोजायची: घड्याळ कितीदा पाहिले, तक्रारी किती केल्या. (आमच्या घरच्या तक्रारींना पोस्टकार्ड पुरायचे नाही, पार्सल करावे लागेल!) कार्डाच्या एका बाजूला आकड्यांचे चित्र, दुसऱ्या बाजूला ते वाचायची किल्ली. न्यूयॉर्कच्या 'मोमा' कलासंग्रहालयाने ही कार्डे संग्रहात घेतली.

आता तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' १९७३ साली आले, त्याच्या चौकटींत आमच्या आयांनी हेच केले. 'दूध नाही' म्हणजे सगळे गावाला. 'दोन लिटर' म्हणजे पाहुणे. 'अर्धा' म्हणजे कोणीतरी आजारी. ही कॅलेंडरे मागायला मात्र रद्दीवाल्याशिवाय कोणी आले नाही.

पुस्तकाची उणीव सांगायची तर, दोघींना मोजायला सवड होती. आमच्या गावात यंत्रमागावरच्या कामगाराला मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरवर. तो आपले मीटर मोजतो ते चित्र काढायला नव्हे, पोटासाठी. असला आकडा त्या कार्डांवर नाही.

पण दोघींचे एक मानले पाहिजे. काय मोजायचे ते त्यांनी स्वतः ठरवले. 'स्पॉटिफाय' २०१६ पासून वर्षअखेरीस 'रॅप्ड' नावाने ऐकलेल्या गाण्यांचा रंगीत हिशेब देते. तिथे ठरवणारी कंपनी. पासबुकाचेही तेच. 'रोख ५,०००' एवढे छापून मोकळे. ते पैसे बारशाला काढले की दवाखान्याला, हे मशीनच्या गावी नसते.

आणि दुसरे म्हणजे, त्यांनी किल्ली लिहून ठेवली. आमच्याकडे ती आईच्या डोक्यात. आई गेली की 'अर्धा' तेवढा उरतो. आजारी कोण होते, ते तिच्याबरोबर जाते.

तेव्हा वाचकहो, यंदाचे कॅलेंडर रद्दीत घालण्यापूर्वी आईजवळ बसा आणि एका पोस्टकार्डावर किल्ली उतरवून घ्या. गुंतवणूक किरकोळ आहे. व्याज आमच्या बँकेपेक्षा बरे मिळेल, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.