खानखोज्यांचं कणीस

फ्रिटो-ले कंपनीचं मुख्यालय आमच्या प्लेनोत आहे, लेगसी ड्राइव्हवर. डोरिटोज, फ्रिटोज, सगळा मक्याचा पसारा. नाशिकला आलेल्या पाहुण्याला नोटांचा छापखाना दाखवावा, तशा थाटात इथे नवीन आलेल्या मराठी माणसाला हे सांगितलं जातं. फ्रिटोजची मूळ कृती १९३२ साली सॅन अँटोनियोत चार्ल्स डूलिनने एका मेक्सिकन माणसाकडून १०० डॉलरला विकत घेतली, अशी कथा सांगतात. पुढचं तुम्हाला माहीत आहे. शनिवारी संध्याकाळी त्याच फ्रिटोजवर कांदा, कैरी आणि शेव घालून भेळ करणारे आपणच.

पण आज मका काढला तो पांडुरंग खानखोज्यांमुळे. मागच्या भागात आपण त्यांच्यावर बोललो आणि त्यानंतर मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळालेलं वाक्य असं: ‘राजकारण फसलं बिचाऱ्यांचं, पण शेतीत तरी नाव काढलं.’ हे वाक्य चुकीचं आहे असं मला वाटतं, आणि ते कुठून येतं हे पॉडकास्टमध्ये नीट सांगता आलं नसतं, कारण त्यासाठी चित्रं बघावी लागतात.

ज्यांनी भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खानखोजे वर्ध्यात १८८० च्या दशकात जन्मले. टिळकांच्या सल्ल्याने ते परदेशी गेले असं चरित्रकार सांगतात: आधी जपान, मग कॅलिफोर्निया. लष्करी शिक्षणही घेतलं आणि शेतीचंही, एकाच ओढीने. ओरेगनच्या कृषी महाविद्यालयातून पदवी, पुढे वॉशिंग्टन राज्यात पुलमनला. गदर चळवळीच्या पहिल्या लोकांपैकी ते एक. १९१५ चा उठाव फुटला. महायुद्धात इराण-बलुचिस्तानच्या बाजूला इंग्रजांशी लढले, पकडले गेले, निसटले. तिथून बर्लिन, १९२१ मध्ये मॉस्को. १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले तेव्हा चाळिशीला आले होते, आणि हाताशी काय होतं? फसलेला उठाव, हरलेली आघाडी, आणि जिथे परतता येत नाही असा देश. कॅलिफोर्नियात मेक्सिकन क्रांतिकारकांशी झालेल्या ओळखी कामी आल्या आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना शिकवायची नोकरी लागली.

इथे सांगणाऱ्याचा आवाज बदलतो. पहिला अर्धा भाग पिस्तुलाचा, दुसरा कणसाचा, आणि मध्ये ‘पण’. तुम्ही कोणताही फॉरवर्ड उघडून बघा, हा ‘पण’ सापडेल. मराठी वाचकाला शास्त्रज्ञाच्या चरित्राची गोडी लागली ती वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. माझ्याही घरात ते पुस्तक होतं, पाठीवरचा कागद निघालेलं. त्यातून एक साचा आपल्या मनात बसला: शांत, सोशिक, मातीत हात घातलेला संत. गवाणकरांनीच पुढे खानखोज्यांचंही चरित्र लिहिलं, ‘नाही चिरा’. दोष त्यांच्या लेखनाचा नाही. आपण दुसरं पुस्तक पहिल्याच्या चष्म्यातून वाचतो, एवढंच. मग मका ही राजकारणातून घेतलेली निवृत्ती वाटायला लागते.

आता चित्रं. खानखोजे चापिंगोत शिकवायला लागले त्याच काळात, १९२४ ते १९२७ मध्ये, दिएगो रिवेरा तिथल्या जुन्या प्रार्थनाघराच्या भिंती रंगवत होता. त्यातल्या एका चित्रात एमिलियानो झापाता आणि त्याचा साथी ओतिलियो मोन्तान्यो जमिनीखाली लाल कफनात निजलेले आहेत आणि वर मक्याचं शेत उभं आहे. हुतात्म्यांच्या रक्तावर पीक येतं. हे रूपक मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळतं. एक मे आला की आपण ते दरवर्षी ऐकतो. चित्र जबरदस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते रोज येताजाता दिसत असेल तर त्याला त्यातून काय कळेल? की पीक मरणातून येतं. आणि त्याच आवारातले एक मास्तर त्याला सांगत असणार की पीक बियाण्यातून येतं, आणि बियाणं चांगलं हवं तर कोणत्या ताटाचा पराग कोणत्या कणसावर पडतो यावर लक्ष ठेवावं लागतं. ज्याने मक्याचा संकर केलेला बघितलाय त्याला ठाऊक आहे: तुरे खुडायचे, कणसाला पिशवी बांधायची, केस बाहेर पडायची वाट बघायची, नोंद ठेवायची. रटाळ काम आहे. रक्ताचा थेंब लागत नाही.

दुसरं चित्र १९२८ चं, मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतलं. नाव ‘आमचा पाव’. ख्रिस्ती प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीची आठवण करून देणारं. टेबलाभोवती वेगवेगळ्या वंशांची, वयांची माणसं बसली आहेत, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई, आणि टेबलाच्या मध्यभागी पाव मोडणारा माणूस. हा माणूस म्हणजे खानखोजे, असं मानलं जातं. आपल्याकडे ते मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि मलाही पहिल्यांदा कळलं तेव्हा वर्ध्याचा माणूस रिवेराच्या भिंतीवर म्हणून हसू फुटलं होतं.

पण टेबलावर पाव आहे. गव्हाचा पाव.

हे किरकोळ नाही. मेक्सिकोत गहू स्पॅनिश लोकांनी आणला. मका मात्र तिथे हजारो वर्षं होता. गहू साहेबांचा, मका गावंढळांचा, ही उतरंड तीनचारशे वर्षं पक्की होत गेली. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या मेक्सिकन राजकारण्याने तर सगळ्या मानवजातीची गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे अशी विभागणी केली आणि मका खाणाऱ्यांच्या मागासलेपणाचं खापर मक्यावरच फोडलं. (जेफ्री पिल्चर यांच्या ‘के व्हिवान लोस तामालेस’ या पुस्तकात हा सगळा वाद सविस्तर आहे, मिळालं तर वाचाच.) मग ज्या माणसाचं मेक्सिकोतलं मोठं काम मक्यावर, त्याला क्रांतीच्या चित्रकाराने गव्हाचा पाव मोडायला बसवलं. खानखोज्यांनी गव्हावरही काम केलं, हे खरं. तरीही मला हे चित्र त्यांचं वाटत नाही. ते येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र आहे आणि त्यात एक ओळखीचा चेहरा बसवला आहे. विदर्भात जन्मलेल्या माणसाला ही उतरंड समजली नसेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे पोळी पाहुण्याला आणि ज्वारीची भाकर घरच्यांना, हे अजून पुरतं गेलेलं नाही.

तिसरी चित्रं म्हणजे फोटो, आणि माझ्या मते खानखोजे जर कुठे दिसत असतील तर इथे. तिना मोदोत्ती, इटलीत उदिनेला जन्मलेली, १९२३ पासून मेक्सिकोत, कम्युनिस्ट, अव्वल छायाचित्रकार. १९२७ मध्ये तिने एक फोटो काढला: गिटार, मक्याचं कणीस आणि काडतुसांचा पट्टा. दाण्यांच्या ओळी आणि काडतुसांच्या ओळी शेजारी शेजारी. फार प्रसिद्ध फोटो आहे, पोस्टरवर छापायला सोयीचा. रिवेराच्या हुतात्म्यांचाच हा धाकटा भाऊ. पुढे तिने खानखोज्यांसाठी फोटो काढले: मक्याचे वाण, आणि शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मोफत कृषिशाळांचे, ज्यातल्या एका शाळेला झापाताचं नाव होतं. १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांवरची त्यांची पुस्तिका निघाली, तिच्यात तिचे फोटो आहेत.

ही दोन प्रकारची कणसं मी शेजारी ठेवून बराच वेळ बघितली. पहिल्यात कणीस हे चिन्ह आहे. कोणतंही कणीस चालेल. दुसऱ्यात चालणार नाही, कारण तिथे प्रश्न ‘हे कणीस त्या कणसापेक्षा कसं वेगळं’ हा आहे: दाणा किती, ओळी किती, रानटी तेओसिंतेशी संकर केल्यावर ताटाला काय झालं. (तेओसिंते हा मक्याचा रानटी पूर्वज, हे आज मान्य आहे, तेव्हा त्यावर वाद होता.) शोभेची गिटार गेली, काडतुसंही गेली. आणि मजा अशी की इथे खरोखरच एक माणूस होता ज्याच्या आयुष्यात काडतुसं आणि कणीस दोन्ही होतं, आणि त्याच्यासाठी फोटो काढताना मोदोत्तीला काडतुसं दाखवायची गरज वाटली नाही. मला हा तिचा सगळ्यात राजकीय निर्णय वाटतो. कोरडवाहू जमिनीतल्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात बियाणं निवडता यावं, त्यासाठी त्याला फुकट शिकवावं, हेच तिथे राजकारण होतं. गदरचा माणूस गदर सोडून शेतीत गेला नव्हता. ज्याच्या लहानपणी मध्य प्रांताने १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ बघितले, त्याच्या डोक्यात हे दोन विषय वेगळे असण्याचं कारणच नाही.

त्याच १९३० साली मोदोत्तीला मेक्सिकोतून हाकललं. राष्ट्राध्यक्षावरच्या हल्ल्याशी तिचं नाव जोडून.

तुम्ही म्हणाल, प्लेनोत बसून या बाईला हे का खुपतंय. सांगते. इथे आमच्यापैकी बहुतेकांना मत नाही. मी पोस्टडॉक, माझा व्हिसा प्रयोगशाळेच्या अनुदानाला बांधलेला. तिकडचं मत द्यायला विमानाने जावं लागतं. त्यामुळे राजकीय वैताग भरपूर आणि तो ओतायला जागा एकच, फोन. मग त्यातून सुटका म्हणून आपण काय करतो? खायला बाहेर पडतो. नवीन टाको ट्रक, ब्रिस्केट, वीकेंडला ऑस्टिन. ‘राजकारण सोडा हो, खाऊन घ्या’ हा आमच्या पिढीचा प्रवासवर्णनाचा साचाच झालाय. खानखोज्यांच्या गोष्टीतला ‘पण’ आपल्याला इतका पटतो तो त्यामुळेच, असा माझा संशय आहे. आपली सोय आपण त्यांच्यावर लादतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये प्लेनोतल्या एका रेस्टॉरंटबाहेर स्वतःला मेक्सिकन-अमेरिकन म्हणवणाऱ्या एका बाईने चार भारतीय बायकांवर हात उचलला, तुमच्या देशात परत जा म्हणून शिव्या दिल्या. व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल. जवळपास त्याच सुमारास लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी मेक्सिकोत चापिंगोला खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. दोन्ही बातम्या आमच्या ग्रुपवर आल्या. पहिलीखाली शेकडो मेसेज, आणि त्यातले काही ‘हे मेक्सिकन लोक’ असे सुरू होणारे. दुसरीखाली हात जोडलेल्या इमोजी. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, हे कोणी लिहिलं नाही. पुतळ्याचा हा फायदा असतो: त्याला नमस्कार करता येतो, तो काही विचारत नाही.

खाण्याबद्दल मला तक्रार नाही, उलट. इथे मिळणाऱ्या मासाच्या पिठाची मी भाकरी थापते आणि ती ज्वारीपेक्षा कमी तडकते. कारण मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो. पानाला लावतो तोच चुना. ही मेक्सिकोतल्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी लावलेली युक्ती. तिच्यामुळे मक्यातलं नियासिन शरीराला मिळतं. युरोपने मका उचलला, युक्ती उचलली नाही, आणि इटलीत, पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतही, गरिबांना पेलाग्राने ग्रासलं. हुइत्लाकोचे नावाचा पदार्थ पहिल्यांदा ताटात आला तेव्हा मी बघतच राहिले: ही तर काणी! आमच्याकडे ज्वारीवर काणी आली की शेतकरी कपाळाला हात लावतो, इथे मक्यावर आलेली काणी टोर्टियात भरून विकतात आणि वर जास्त पैसे घेतात. हे सगळं शोधायला मला आवडतं. मात्र ताटातलं कणीस कुठून आलं हे विचारलं की राजकारण परत दारात उभं राहतं, आणि मग ‘खाऊन घ्या’ म्हणून चालत नाही.

खानखोज्यांचंच बघा. स्वातंत्र्य मिळालं तरी इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव आडवं आलं आणि त्यांना व्हिसा सुखासुखी मिळाला नाही. १९४९ मध्ये शेतीविषयक सल्ल्यासाठी ते मध्य प्रांतात आले, पुढे पन्नासच्या दशकात नागपुरात स्थायिक झाले. तोवर मेक्सिकोत रॉकफेलर फाउंडेशनचा कार्यक्रम सुरू झाला होता, १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग तिथे पोचले होते. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं मागवलं. गव्हाचं. २२ जानेवारी १९६७ ला खानखोजे नागपुरात वारले. आणि त्यांच्या ज्वारीच्या मुलखात १९७२ च्या दुष्काळात रेशनवर काय आलं? मिलो. अमेरिकेची लाल ज्वारी, जिच्या मोठ्या उत्पादकांत आमचं टेक्सासही आहे. मला त्यांना ‘हरितक्रांतीचा जनक’ म्हणणं पटत नाही ते यासाठी. ती क्रांती ज्या बियाण्याने, ज्या पैशाने आणि ज्या शेतकऱ्यांसाठी झाली, त्यापेक्षा त्यांच्या मोफत शाळांचा रस्ता वेगळा होता. तो रस्ता मोठा झाला नाही. त्याला यशाची पदवी चिकटवली की तो वेगळा होता हेही पुसलं जातं.

त्यांची मुलगी सावित्री साहनी यांचं इंग्रजी चरित्र २००८ चं आहे, पेंग्विनने काढलेलं. ते वाचा. १९३० ची ती स्पॅनिश पुस्तिका मात्र फोटोंसकट मराठीत यायला हवी. नागपूर-वर्ध्याकडच्या कोणा प्रकाशकाने मनावर घेतलं तर भाषांतराला मदत करायला मी तयार आहे. आणि डॅलसहून मेक्सिको सिटी तीन तासांच्या आत आहे. गेलात तर जुन्या शिक्षण मंत्रालयात जा, २०२४ पासून तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय आहे. ‘आमचा पाव’पुढे उभं राहून सेल्फी घ्या, माझी ना नाही. फक्त टेबलावर काय ठेवलंय तेवढं बघून घ्या.