रोग्यांची गणती आणि डॉक्टरांचें तत्त्वज्ञान

चेकॉव्हची ‘वॉर्ड नंबर सहा’ ही दीर्घकथा १८९२ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तेव्हांपासून टीकाकारांनीं तिचे नाना अर्थ लावले आहेत. कोणी तिला तत्कालीन रशियाचें रूपक मानतात. ती वाचून आपणच त्या वॉर्डांत कोंडले गेलों आहों असें लेनिनला वाटलें, ही हकीकत प्रसिद्धच आहे. दुसरे कोणी तिच्यांत स्टोइक पंथाच्या सहनशीलतेचें खंडन पाहतात. हे दोन्ही अर्थ कथेंत नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आम्हीं ती अनेक वेळां वाचली (मूळ रशियन येत नसल्यामुळें अर्थात् इंग्रजी भाषांतरावरून), आणि दर खेपेस आमचें लक्ष त्यांतील एका साध्या हिशेबाकडे अधिकाधिक वळत गेलें. टीकाकार तो ओलांडून पुढें जातात. आमच्या मतें कथेचें मर्म तेथेंच आहे.

आगगाडीपासून सुमारें १३० मैल दूर असलेल्या एका गांवीं आंद्रेय येफीमिच रागीन हा सार्वजनिक रुग्णालयाचा मुख्य डॉक्टर आहे. तो रुजू झाला तेव्हां तेथील स्थिति किळस आणणारी होती. शस्त्रक्रियेच्या विभागांत धांवरें हा रोग कायमचा वस्तीस आलेला; सबंध रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या सुऱ्या दोन आणि थर्मामीटर एकही नाहीं; स्नानाच्या टाक्यांत बटाटे सांठविलेले; आणि नोकरवर्ग रोग्यांना उघडउघड लुटणारा. अशा ठिकाणीं रागीन प्रारंभीं झटून काम करतो. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत तो रोगी तपासतो, शस्त्रक्रिया करतो, बाळंतपणें सुद्धां करतो.

मग तो हिशेब येतो. आज ३० रोगी, उद्यां ३५, परवां ४०. रोज हीच रांग, वर्षानुवर्षें हीच रांग, आणि गांवांतील मृत्यूंची संख्या तर कमी होत नाहीं. एका सकाळीं ४० रोग्यांना खरी मदत करणें माणसाच्या शक्तीबाहेरचें आहे. तेव्हां जें घडतें ती मदत नसून फसवणूक आहे. वर्षांत १२,००० रोगी तपासले, म्हणजे १२,००० माणसांना फसविलें, असा निष्कर्ष रागीन काढतो. हळूहळू तो रोज रुग्णालयांत जाईनासा होतो. गेलाच तर पांचसहा रोगी पाहून उठतो व उरलेले मदतनिसाच्या हवालीं करून घरीं येतो. घरीं पुस्तकें आहेत, बिअर आहे, खारवलेली काकडी आहे.

येथें क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. रागीन तत्त्वज्ञ होता म्हणून त्यानें रोग्यांना सोडलें असें चेकॉव्ह सांगत नाहीं. आधीं रांग आहे, मग थकवा आहे, आणि सर्वांच्या शेवटीं तत्त्वज्ञान आहे. मरण हा प्रत्येकाचा स्वाभाविक शेवट असेल तर लोकांच्या मरणाआड कां यावें, हा विचार त्याला सुचतो तो ह्या गणतीनंतर. म्हणजे त्याची विरक्ति ही चाळिसाव्या रोग्याच्या पोटीं जन्मलेली आहे. जेथें मनुष्यबळ अपुरें व मागणी अपार, तेथें औषध संपण्यापूर्वीं लक्ष संपतें, आणि मग दुसऱ्याचें दुःख अटळ आहे असें सिद्ध करण्याची निकड उत्पन्न होते. चेकॉव्ह स्वतः वैद्यकीचा पदवीधर होता. ही गोष्ट दुसऱ्या कोणा लेखकाला इतक्या नेमकेपणानें दिसली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्या विरक्तीची किंमत कोण देतो? ज्याच्याजवळ दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचें साधन आहे तो देत नाहीं. ती देतात सहाव्या वॉर्डांतले पांच वेडे, ज्यांना बाहेर पडण्याचा दरवाजाच नाहीं. त्यांतला एक शेतकरी इतका जड होऊन गेला आहे कीं, पहारेकरी निकीता त्याला निर्दयपणें मारतो तरी त्याच्या तोंडून आवाज निघत नाहीं. मोइसेइका हा निरुपद्रवी म्हातारा गांवांत भीक मागून येतो, तर ती भीकही निकीता काढून घेतो. ह्या वॉर्डांत दोन महिन्यांतून एकदां न्हावी येतो. एरवीं फारसें कोणी फिरकत नाहीं. रोग्यांना येथें मुद्दाम छळावें असें वरच्यांपैकीं कोणाच्याही मनांत नाहीं. त्यांच्याकडे पाहावयास कोणी उरलें नाहीं, एवढेंच. आणि तें निकीताला पुरेसें आहे.

ह्याच वॉर्डांत रागीनला ग्रोमॉव्ह हा सुशिक्षित वेडा भेटतो व त्यांचे वाद सुरू होतात. ऊबदार अभ्यासिका आणि हा वॉर्ड ह्यांत वस्तुतः भेद नाहीं, शांति माणसाच्या अंतरांत असते, असें रागीन त्याला समजावितो. दुखलें तर मी ओरडतों, नीचपणा पाहिला तर मला चीड येते, आणि ह्यालाच जगणें म्हणतात, असा ग्रोमॉव्हच्या उत्तराचा आशय आहे. पुढें सहकाऱ्याच्या कपटानें रागीन स्वतःच त्या वॉर्डांत कोंडला जातो. निकीताची मूठ तोंडावर बसते तेव्हां त्याला कळतें कीं, ही वेदना येथील माणसें वीस वर्षें रोज सोशीत होतीं आणि आपल्याला तिचा पत्ताही नव्हता. दुसऱ्या दिवशीं तो मरतो.

हा शेवट फार जुळवून आणलेला आहे, असा आक्षेप घेतां येईल. अपराध्याला त्याच्याच अपराधाच्या जागीं शिक्षा, ही योजना कीर्तनांतल्या आख्यानाला शोभेल. शिवाय पैसा मंजूर करण्याचें टाळणारे गांवचे पुढारी कथेंत सुखरूप राहतात आणि एकटा डॉक्टर बळी जातो. आक्षेपांत तथ्य आहे. तथापि चेकॉव्हचा कटाक्ष रागीनच्या थकण्यावर नाहीं. थकणें त्याला ठाऊक होतें. त्याच १८९२ सालीं पटकीची सांथ आली तेव्हां त्यानें २५ खेडीं, ४ कारखाने व एक मठ ह्यांचें काम विनावेतन पत्करलें होतें. रांग त्याच्यापुढेंही होतीच. रागीनचा अपराध असा कीं, ह्या फसवणुकीचा आपणही एक भाग आहों हें ओळखूनही तो जागेवर राहिला, पगार घेत राहिला, आणि दोष आपला नसून काळाचा आहे अशी समजूत करून घेता झाला.

आमच्या वाचकांना ही कथा परक्या देशाची वाटूं नये. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीस नांदेडच्या सरकारी रुग्णालयांत २४ तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. मुंबई उच्च न्यायालयानें त्याची आपण होऊन दखल घेतली. त्या दिवसांत खाटा किती, रोगी किती, रोजचें सरासरी मरण किती, हे आंकडे पुष्कळ ऐकूं आले. आंकडे मोजणें चूक नव्हे. रागीनचाही हिशेब चुकलेला नव्हता. परंतु हिशेबाच्या टोकाला आपण काय लिहितों, हा प्रश्न आहे. ‘म्हणून माणसें वाढवा’ असेंही लिहितां येतें. ‘म्हणून असें व्हावयाचेंच’ असेंही लिहितां येतें.

हें दुसरें वाक्य लिहिणारे केवळ डॉक्टर नाहींत. आम्ही सुशिक्षित मंडळी सरकारी रुग्णालयाची पायरी बहुधा सोडून दिली आहे. आमच्या घरचें दुखणें खासगी दवाखान्यांत जातें, आणि त्या पायरीवर बसलेल्यांविषयीं आम्ही संध्याकाळीं चहाच्या पेल्यामागून बोलतों. बोलणें सहानुभूतीचें असतें. पण तें अभ्यासिकेतलें असतें. चेकॉव्ह कथेच्या आरंभीं वाचकाला खाजकुइलीसारख्या झुडपांतून जाणाऱ्या अरुंद पाउलवाटेनें त्या वॉर्डापर्यंत घेऊन जातो. झुडपांची भीति नसेल तर चला, असें तो म्हणतो. ती वाट आम्हीं किती वर्षांत तुडविली नाहीं, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं मोजून पाहावें.